उतरण

मिरज तालुक्याच्या पूर्व भागात, आरग-बेडगच्या अंगाला, पानमळे आहेत. रस्त्यावरून नुसती दाट झाडी दिसते. शेवरी, पांगारा, हादगा, शेवगा अशी झाडं ओळीनं लावलेली आणि भोवतीनं वारा अडवायला ताट्या. भर उन्हातनं आत शिरलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधार येतो. आपण कुठे आलो ते आधी नाकाला कळतं: ओली माती आणि खाऊच्या पानांचा तो तिखट, हिरवा वास. आत जायचं ते अनवाणी. चपला ताटीशी काढायच्या, मग तुम्ही मालक असा नाहीतर पाहुणे.

त्या पट्ट्यात एका म्हाताऱ्याचा मळा होता. सगळा गाव त्याला तात्या म्हणायचा. मळा सांभाळून तो गावोगाव कीर्तनंही करायचा. घर ख्रिस्ती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला. तात्याच्या आजोबांना तिथं जीवदान मिळालं आणि तिथूनच घरात पवित्र शास्त्र आलं, अशी घरातली कथा. पानमळा मात्र त्याच्याही आधीचा. चपला काढताना तात्या दरवेळी म्हणायचा, "मोशेला होरेब डोंगरावर काढाय लावल्या, मला हितं." शेजारचे मळेकरी नागवेलीचं पावित्र्य म्हणून अनवाणी जात, तात्या मोशेच्या नावानं जायचा. वेलीला त्यात काही फरक पडत नसावा.

तात्याला एकच मुलगी, मिरजेतच दिलेली. पुतण्या पुण्यात वाढला, तिथंच एका कंपनीत लागला, पगारही चांगला होता. मग कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हाही गेला. चार महिने खोलीत बसून काढल्यावर तात्याचा फोन आला, "मळ्यावर ये. जेवायला मिळंल." पोरगा आला. पण वरून खाली आलेला माणूस जसा वागतो तसाच वागत राहिला. बोलायचा कमी, मोबाइल फार. रविवारी उपासनेनंतर कुणी सलाम करून "किती दिवस मुक्काम?" म्हणून विचारलं की "थोडे दिवस" म्हणायचा आणि चपला शोधायला लागायचा.

पानवेलीचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. ही वेल झाडाच्या आधारानं चढते. पेरापेराला मुळ्या फुटतात, त्या झाडाच्या सालीला घट्ट धरतात. शिवाय माणूस तिला लव्हाळ्यानं बांधत बांधत वर नेतो. खालची पानं खुडत जायचं, वेल वर जात राहते. होता होता असं होतं की पानं सगळी शेंड्याकडे आणि खाली नुसता उघडा दांडा. बघणाऱ्याला वाटतं, काय चढलीय वेल! मळेकऱ्याला दुसरंच दिसत असतं. मुळापासून पानापर्यंतचा रस्ता लांबला की पान बारीक पडायला लागतं. मग उतरण करायची. बांध सोडायचे, सालीत रुतलेल्या मुळ्या सोडवायच्या, अख्खी वेल खाली घ्यायची, उघड्या दांड्याचं वेटोळं करायचं आणि ते बुंध्याशी मातीत गाडायचं. वर राहतो फक्त शेंडा. गाडलेल्या पेरांना नव्या मुळ्या फुटतात आणि वेल पुन्हा पहिल्यापासून चढायला लागते.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बघवत नाही. काल हिरवी भिंत होती तिथं आज उघडी झाडं आणि प्रत्येक झाडाच्या पायाशी मातीचा उंचवटा. पुतण्याला तर आमच्या दफनभूमीचीच आठवण झाली.

थंडी ओसरता ओसरता तात्या विहिरीच्या पायरीवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेऊन ऑपरेशन करायचं, पुढं लेकीच्याच घरी राहायचं, असं ठरलं. जीपमध्ये आडवं घातल्यावर त्यानं पुतण्याला जवळ बोलावलं.

"उपवासकाळ लागायच्या आत उतरण आटप. सगळी. विहिरीकडच्या सहा ओळी धरून. एकबी वेल वर ठिवू नको."

"पण तात्या, आत्ताच का? दर तर..."

तात्यानं डोळे मिटले. कळ आली होती की उत्तर द्यायचं नव्हतं, कोण जाणे. जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आप्पा ताटीपाशी आले. "दुखण्यात बोललाय तुझा तात्या. लग्नसराई तोंडावर आलीय. विहिरीकडचं पान बघ, तळहाताएवढं. ते काय गाडायचं असतंय आत्ता? वैशाख संपू दे, मग कर." मळ्यात तीस वर्षं राबलेला गडी होता, त्याला सगळे मामा म्हणत. मामांना विचारलं, तर म्हणाले, "मालकांनी सांगितलंय न्हवं?" आणि लव्हाळा भिजत घालायला निघून गेले. हे उत्तर होतं, पण पोराला ते उत्तरासारखं वाटलं नाही.

कामाला लागला, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पहिली वेल त्यानं ओढून काढली आणि ती कट्‌कन मोडली. मामांनी मग दाखवलं: ओढायचं नाही, अंगठा सालीला लावून मुळीखाली सरकवायचा, एकेक पेर सुटं करायचं, दुसरा हात दांड्याखाली धरायचा, लेकराची मान धरतात तसा. आठवड्याभरात त्याला ते जमलं. नखांत माती गेली, कंबर धरली, मोबाइल दिवसदिवसभर ताटीला टांगलेल्या पिशवीत राहिला. ओळीमागून ओळ उतरली.

विहिरीकडच्या सहा ओळींपाशी आल्यावर तो थांबला. रात्री मोबाइलवरच एक्सेलची शीट उघडून त्यानं हिशेब मांडला. लग्नसराईचे दोन-अडीच महिने, सहा ओळी, इतक्या कवळ्या, इतका दर. आकडा चांगला आला. तरी मन खात होतं. मग त्याला चर्चचे पत्रे आठवले. मागच्या पावसाळ्यात बायका बसतात त्या बाजूला बादल्या ठेवाव्या लागल्या होत्या. निम्मे पैसे पत्र्यांना द्यायचे, असं त्यानं ठरवलं आणि त्याला एकदम बरं वाटलं.

ऐकायचं नाही हे ठरवल्यावर ज्या क्षणी आपल्याला बरं वाटायला लागतं, तिथंच थांबून बघावं, असं मला वाटतं. बहुतेक वेळा तिथं आपण देवाचं नाव मध्ये घातलेलं असतं. शौल राजानं हेच केलं. पहिल्या शमुवेलाच्या 15 व्या अध्यायात ती गोष्ट आहे. अमालेकाचं काहीही राखू नको, असा हुकूम होता. शौलानं टाकाऊ होतं ते सगळं मारलं आणि धष्टपुष्ट मेंढरं, गुरं राखली. शमुवेल आल्यावर आपण होऊन सांगितलं की हुकूम पाळला. म्हाताऱ्या संदेष्ट्यानं एवढंच विचारलं, की मग हे मेंढरांचं ओरडणं कसलं ऐकू येतंय? त्यावर शौलाचं उत्तर तयार होतं: ती देवाला अर्पण करायला ठेवलीत. त्याला कुणी नास्तिक म्हणणार नाही. तो नव्वद टक्के आज्ञाधारक होता, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना त्यानं वेदीचा रस्ता दाखवला होता.

तात्याचा फोन आला. "झाली उतरण?"

"झाली."

"सगळी?"

"झाली, तात्या."

सहा ओळींचं पान खरंच चांगलं निघालं. मामा अंगठ्याला नखी चढवून खुडायचे, पोरगा कवळ्या बांधायला शिकला. पैसे आले. पत्र्यांसाठी त्यानं अकरा हजार दिले. पाळकसाहेबांनी उपासनेत तसं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रविवारी "किती दिवस मुक्काम?" कुणी विचारलं नाही.

उतरवलेल्या ओळींकडे मात्र बघवत नव्हतं. ईस्टरपर्यंत मातीच्या उंचवट्यांतून कोंब वर आले, पण बाजारात न्यावं असं एक पान नाही. आप्पा जाता-येता म्हणायचे, "बघ, ह्या सहा ओळींनी तुझी लाज राखली." पोरालाही ते पटत होतं. डोळ्यांना तर तेच दिसत होतं.

मग एक दिवस आप्पाच कामानिमित्त मिरजेला गेले आणि तात्याला भेटून आले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून जाताना विहिरीकडचीच पानं नेली. मळ्यातल्या माणसाला मळ्यातलं पान, याच्याएवढी चांगली भेट ती कोणती! तात्यानं वरचं पान उचललं, दोन बोटांत धरलं, अंगठ्यानं मधली शीर चाचपली, उलटून देठाकडं बघितलं. म्हणाला काहीच नाही. संध्याकाळी फोन आला.

"विहिरीकडचं पान बारीक पडाय लागलंय, लेकरा."

पोरगा गप्प.

"मला वाटलं, जमिनीत असंल ते."

मग पोरानं सगळं सांगितलं. दर सांगितला, आप्पांचं म्हणणं सांगितलं, पत्रे सांगितले. तात्यानं ऐकून घेतलं.

"पत्र्याला दिलंस ते चांगलं केलंस. पन ते पानाचं पैसं. सांगितलेलं केल्याचं न्हवंत." थोडं थांबून म्हणाला, "फिलिप्पाची गोष्ट हाय ध्येनात?"

ती गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या 8 व्या अध्यायातली. शोमरोनात फिलिप्पाचं काम ऐन भरात आलं होतं. गर्दी व्हायची, दुखणी बरी व्हायची, अख्ख्या नगरात आनंद होता. आणि तेव्हाच त्याला सांगणं आलं की ऊठ, यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जा. तो रस्ता ओसाड. कारण दिलेलं नाही, तिथं कोण भेटेल तेही सांगितलेलं नाही. फिलिप्प उठून गेला. त्या रानात त्याला एकच माणूस भेटला, हबशांच्या राणीचा खजिनदार, रथात बसून यशयाचं पुस्तक वाचणारा आणि वाचलेलं न कळणारा. त्याला समजावून सांगितलं, वाटेत पाणी लागलं तिथं बाप्तिस्मा दिला, संपलं. शोमरोनातली गर्दी एका पारड्यात आणि हा एक माणूस दुसऱ्या.

"भरात असताना खाली घेतला त्याला," तात्या म्हणाला. "उतरणच म्हनायची."

पोरानं विचारलं, "आता करू का?"

"मी तर फेब्रुवारीतच सांगितलंय."

इथं पोरगा दुसऱ्या दिवशी उठून सहाही ओळी उतरवतो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण अजून चार-पाच मोठे मुहूर्त होते. पंधरा दिवसांनी करू, एवढे थांबलो तर पंधरा दिवसांनी काय होतंय, असं त्यानं ठरवलं. आपण 'नाही' फार कमी वेळा म्हणतो. 'करतो की' म्हणतो.

मेच्या मध्यावर वळीव आला. दुपारी उकाडा मरणाचा, चारच्या सुमाराला नैर्ऋत्येकडनं धुळीचा पडदा उठला आणि वारा ताट्यांवर आदळला. विहिरीकडच्या वेलींचं सगळं पान शेंड्याला. उंच, भरगच्च, शिडासारखं. वारा त्यात भरला. पांगाऱ्याचं लाकूड मुळातच ठिसूळ, फांद्या वेलींसकट कोसळल्या. काही वेली झाडावर राहिल्या, पण मधेच पिळवटून तुटल्या. पाऊस वीस मिनिटंच पडला असेल.

देवानं त्या पोराला धडा शिकवायला वारा सोडला, असं मी म्हणणार नाही. वारा सगळ्यांच्याच मळ्यांवर सुटला होता, आप्पांचंही नुकसान झालं. उतरवलेल्या ओळींवरूनही तोच वारा गेला. त्या वेली तेव्हा कमरेएवढ्या होत्या. त्यांच्यावरून तो नुसता गेला.

आणि ऐकणाऱ्याचा मळा नेहमी शाबूत राहतो, असंही कुणी समजू नये. आमच्या शेजारच्या साताऱ्याचं उदाहरण आहे. कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि मे 1919 मध्ये ते गेलेही. एक्सेलच्या शीटवर हा व्यवहार बसत नाही. फिलिप्पाचाही बसला नसता. वळीव आला नसता तरी त्या सहा ओळींबद्दल तात्याचं म्हणणं तेच राहिलं असतं, म्हणून तर मला तो म्हातारा आवडतो.

तात्या जूनच्या सुरुवातीला परत आला, वॉकर घेऊन. मळ्याच्या ताटीपाशी खुर्ची टाकली, तिच्यावर बसला. पोरगा समोर उभा राहिला. आता काय बोलणी खायची ती खाऊ, असा चेहरा करून.

"मोडल्या किती, आन्‌ नुसत्या पडल्यात किती?"

"निम्म्या मोडल्या."

"मग निम्म्या हायेत की. पडल्यात त्या आजच गाडाय घ्या."

मामा आतून खोऱ्यासकट बाहेर आले आणि पुन्हा आत गेले.

पोराला एवढ्यावर राहवेना. "तात्या, तेव्हाच कारण सांगितलं असतंत तर मी केली असती उतरण."

"मग तू कारनाचं ऐकलं असतंस. माझं न्हाई."

पोरगा खाली बघत राहिला. तात्यानं मांडी चोळली.

"आन्‌ वारं येनार हे मला तरी कुठं ठावं हुतं? पान लहान व्हाय लागलं हुतं, तेवढं मला दिसत हुतं. तुला न्हवतं दिसत. त्यात तुझा दोष न्हाई, तू पुन्यात वाढलास. पन मी पन्नास वर्सं दुसरं काय बघितलंय रे?" मग जरा वेळानं, वॉकरकडं बघत म्हणाला, "मला इचारशील तर, मीबी त्याला तीन महिनं इचारतोय. आत्ताच का म्हनून. गावोगाव कीर्तनं करत फिरनारा मानूस मी, मला पलंगावर कशाला घातला? अजून सांगितलं न्हाई त्यानं."

"मग?"

"मग काय? पडून ऱ्हायलो. लेकीच्या शेजारची एक बाई रोज संध्याकाळी शास्त्र ऐकाय यायची. एकच."

आत खोऱ्याचा आवाज येत होता. उतरवलेल्या ओळींत आता पान धरलं होतं, ताटीच्या फटीतून दिसत होतं, रुंद, तेलकट हिरवं. तात्या बराच वेळ तिकडं बघत बसला. मग म्हणाला, "चल. आत जाऊन बघू."

तो उठला, वॉकर धरला आणि ताटीशी अडला. चपला. वाकता येत नव्हतं. एक पाय दुसऱ्या पायानं काढायचा प्रयत्न केला, तोल गेला. पोरानं त्याला सावरलं, मग खाली बसला, तात्याची एकेक टाच हातात धरून चपला काढल्या, ताटीला लावून ठेवल्या. शेजारी स्वतःच्या ठेवल्या. मोशेचं वाक्य या वेळी तात्या म्हणाला नाही.

वॉकरचं काय करायचं, हा प्रश्न उरला. ओल्या मातीत तो रुतला असता. तोही चपलांशेजारी ठेवला. तात्यानं पुतण्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि दोघं वाकून आत शिरले. बाहेरचं ऊन एकदम मागं राहिलं. तात्या थबकला.

"काय दिसंना बाबा."

"पुढं पाट आहे, तात्या. पाय उचला."

तात्यानं पाय उचलला.